फायली दहा हजार, नावं नवी, सर्व्हर दूर

मुंबईतल्या एखाद्या ग्रंथालयाने जुन्या मासिकाची दहा हजार पानं स्कॅन करून घेतली आहेत असं धरू. एक पान सरासरी 200 किलोबाइटचं, म्हणजे सगळा ऐवज जेमतेम 2 गिगाबाइटचा. स्कॅनरने नावं दिली आहेत ‘स्कॅन0001’, ‘स्कॅन0002’ अशी. हवी आहेत ती वर्ष, महिना आणि पान सांगणारी. सर्व्हर भाड्याचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. अपलोडचा वेग सेकंदाला 50 मेगाबिट. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर काम साडेपाच मिनिटांच्या आत संपायला हवं. पण एकेक फाइल उचलून नव्या नावाने ‘एससीपी’ करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून सोडली, तर तेच काम साडेपाच तास रेंगाळतं. सर्व्हर मंद नसतो, इंटरनेट कंपनी लबाड नसते, स्क्रिप्टही बिनचूक असते.

वेळ जातो तो फेऱ्यांत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते व्हर्जिनिया हे सरळ अंतर तेरा हजार किलोमीटरांच्या आसपास. केबल काही सरळ जात नाही, वाटेत वळसे आणि राउटर लागतात. त्यामुळे एका निरोपाने तिकडे जाऊन उत्तर घेऊन परत यायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण एससीपी ज्या एसएसएचवरून चालतं, त्याची नवी जोडणी उघडायची म्हणजे आधी टीसीपीचा रामराम, मग दोन्ही बाजूंनी आपापली आवृत्ती सांगणं, मग गुप्त किल्ल्यांची देवघेव, मग ओळख पटवणं, मग वाहिनी उघडणं. अशा आठ-दहा फेऱ्या झाल्याशिवाय फाइलचा पहिला बाइट हलत नाही. म्हणजे दर फाइलमागे दोन सेकंद. दहा हजार फायलींचे वीस हजार सेकंद, म्हणजे 5 तास 33 मिनिटं. या साऱ्या वेळात तार बहुतांशी रिकामी असते.

वेग वाढवून घेतला तरी या हिशेबात फरक पडत नाही, ही त्यातली खरी मेख. 50 चं कनेक्शन 300 चं केलं तर साडेपाच मिनिटांतली साडेचार वाचतील, पाच तास तसेच राहतील. फायली पाठवण्याची किंमत वजनावर कमी आणि संख्येवर जास्त ठरते. आणि नाव बदलण्याची किंमत ते कुठे बदललं यावर ठरते: निघण्याआधी, वाटेत, की पोचल्यावर. बहुतेक मार्गदर्शनपर लेखन पहिल्या भागावर पानंच्या पानं खर्च करतं आणि दुसरा भाग ‘मग नावं बदलून घ्या’ एवढ्यावर उरकतं. फसगत मात्र जास्त करून दुसऱ्या भागात होते.

या क्षेत्रातलं सर्वांत जुनं साधन एफटीपी. त्याचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये एमआयटीतल्या अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. टीसीपी-आयपीच्याही आधीचा हा करार पुढे अनेकदा सुधारला गेला आणि 1985 च्या मानकात स्थिरावला. एफटीपीत हुकुमांची वाहिनी एक आणि माहितीची दुसरी. आणि नेहमीच्या पद्धतीत फाइल संपली हे कळवायचं ते माहितीची वाहिनी बंद करून. म्हणजे प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी आलीच. नाव बदलण्यासाठी दोन हुकूम लागतात, ‘या नावाचं’ आणि ‘हे नाव कर’. त्यात भर म्हणजे मजकूर आणि बायनरी अशा दोन रीती, आणि चुकून मजकुराच्या रीतीत पाठवलेला फोटो पलीकडे निकामी होऊन पडायचा. पासवर्ड उघडाच जायचा तो वेगळाच. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्याच टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एससीपी हे त्याच्या पोटातलं अपत्य, बर्कलेच्या जुन्या ‘आरसीपी’ची झाकलेली आवृत्ती. ओपनएसएसएचच्या मंडळींनीच 2019 मध्ये एससीपीचा मूळ करार कालबाह्य आणि सहजी दुरुस्त न होणारा असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल 2022 च्या 9.0 आवृत्तीपासून एससीपी हा हुकूम आतून एसएफटीपी हा एसएसएचवरचाच दुसरा करार वापरू लागला. नाव तेच राहिलं, यंत्र बदललं. सवयीने एससीपी लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊकही नसतं.

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे जोडणी एकदाच उघडायची आणि उघडीच ठेवायची. ओपनएसएसएचमध्ये ही सोय 2004 पासून आहे. पहिली जोडणी ‘मास्टर’ होते, पुढचे सगळे हुकूम तिच्यावर स्वार होतात. सेटिंगच्या फाइलमध्ये तीन ओळी लिहिल्या की काम झालं. जुनी स्क्रिप्ट एका अक्षरानेही न बदलता तिचा वेळ निम्म्याहून खाली येतो.

त्याहून नीटनेटका मार्ग एसएफटीपीच्या बॅच-रीतीचा. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये दर ओळीला ‘पुट’, मग जुनं नाव, मग नवं नाव, अशा दहा हजार ओळी लिहायच्या आणि ती यादी एसएफटीपीच्या हाती द्यायची. एकच जोडणी, आणि नकल करतानाच नाव बदलतं. यादी एक्सेलमध्येही बनवता येते. फक्त नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत घालायचं भान हवं. ज्याला कमांड-लाइनची फारशी सवय नाही पण तक्ते करता येतात, अशा ग्रंथालय-सेवकाला मी हाच रस्ता सुचवेन. त्रुटी एवढीच की फाइल उघडणं, तिचे गुणधर्म लावणं, बंद करणं यासाठी दर फाइलमागे तीन-चार फेऱ्या उरतातच. म्हणजे व्हर्जिनियाला दोन तास. सर्व्हर मुंबईतच असेल तर फेरी पाच-दहा मिलिसेकंदांची, आणि मग या त्रुटीची चिंता करण्याचं कारण नाही. सर्व्हर कुठे आहे हे विचारल्याशिवाय साधन निवडू नये ते यासाठी.

विंडोजवरची मंडळी विनएससीपी किंवा फाइलझिला वापरतात. दोन्ही भरवशाची आहेत. फाइलझिला मुळात एका वेळी दोन फायली पाठवतं. सेटिंगमध्ये हा आकडा दहापर्यंत नेता येतो, आणि लहान फायलींच्या ढिगाला त्याने चांगलाच फरक पडतो. मात्र समांतर जोडण्यांचा मोह आवरावा. ओपनएसएसएचचा सर्व्हर मुळातच असा बेतलेला असतो की ओळख न पटलेल्या दहा जोडण्या एकाच वेळी दारात उभ्या राहिल्या, की पुढच्यांपैकी काहींना तो यदृच्छेने परतवू लागतो आणि शंभरावर कुणालाच घेत नाही. पन्नास समांतर एससीपी एकदम सोडणाऱ्याच्या काही फायली अशाच गळतात. आणि स्क्रिप्टने प्रत्येक हुकुमाचा निकाल तपासला नसेल, तर त्या गळाल्याचं कळतही नाही.

खरा वेग हवा असेल तर फाइल ही कल्पनाच वाटेपुरती विसरावी लागते. ‘टार’ हे युनिक्सचं 1979 चं साधन. टेपवर फायली एकापाठोपाठ एक लिहिण्यासाठी जन्मलेलं, म्हणून नावात टेप. टेपला मागे-पुढे करणं महाग, म्हणून टार सगळ्या फायलींचा एकच अखंड प्रवाह करतं: नाव, आकार, मजकूर, नाव, आकार, मजकूर. हाच गुण लांबच्या तारेवर सोन्यासारखा ठरतो. इकडे टारने प्रवाह बनवायचा, तो एसएसएचच्या नळीत सोडायचा, पलीकडे दुसऱ्या टारने तो उलगडायचा. मध्ये कुठेही ‘पोचली का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणं नाही. मधली मोठी एकत्रित फाइल डिस्कवर तयारही होत नाही. आपली दहा हजार पानं अशा रीतीने त्रैराशिकाने सांगितलेल्या वेळेच्या जवळपास पोचतात.

आणि इथेच नाव वाटेत बदलण्याची सोय आहे. ग्नू टारला ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा पर्याय दिला, की प्रवाहात शिरतानाच प्रत्येक नावावर शोधा-आणि-बदला चालतं. बीएसडीच्या टारमध्ये आणि ‘पॅक्स’मध्ये हेच काम ‘एस’ या एका अक्षराच्या पर्यायाने होतं. ‘स्कॅन’च्या जागी ‘1932-04’ लावायचं असेल तर एक छोटा नियम पुरतो. मूळ डिस्कवरची नावं जशीच्या तशी राहतात आणि सर्व्हरवर नवी उमटतात. या मार्गाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जोडणी मध्येच तुटली तर टारला कुठपर्यंत आलो हे आठवत नाही; पुन्हा पहिल्यापासून. आणि नियमात बसणारी नावंच बदलता येतात. प्रत्येक पानाला स्वतंत्र, कुणा संपादकाने हाताने ठरवलेलं नाव असेल तर नियम काय लिहिणार?

त्यासाठी जी युक्ती आहे ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत हुशार वाटते, आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. हार्ड लिंक. युनिक्सच्या फाइल-पद्धतीत नाव आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव म्हणजे निर्देशिकेतली एक नोंद, आणि एकाच मजकुराला कितीही नोंदी असू शकतात. तेव्हा एक नवी रिकामी निर्देशिका करायची, तिच्यात प्रत्येक पानाची नव्या नावाने हार्ड लिंक करायची, आणि ती निर्देशिका पाठवायची. जागा जवळपास शून्य लागते, वेळ काही सेकंद. मूळ नावं अबाधित. नवी नावं चुकली असं लक्षात आलं तर ती निर्देशिका पुसून दुसरी करायची. मजकुराला धक्का नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही हार्ड लिंक असते. अडचण येते ती बाहेरच्या पोर्टेबल डिस्कवर, कारण त्या बहुधा एक्सफॅट पद्धतीच्या असतात आणि तिथे हार्ड लिंक नाही. मग लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर नव्या नावांच्या सिम्बॉलिक लिंका करायच्या, त्यांचा रोख बाहेरच्या डिस्ककडे ठेवायचा आणि पाठवताना साधनाला ‘लिंक नको, तिच्यामागची फाइल ने’ असं सांगायचं.

पाठवणारं ते साधन बहुतेक वेळा आरसिंक असावं. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी ते 1996 च्या जूनमध्ये जाहीर केलं. आरसिंकमागची पद्धत ट्रिजेल यांच्या 1999 च्या पीएचडी प्रबंधात सविस्तर आली आहे. कल्पना अशी: फाइलची जुनी आवृत्ती पलीकडे आहे, नवी इकडे. पलीकडचं टोक जुन्या फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे करून प्रत्येकाच्या दोन खुणा पाठवतं, एक हलकी 32 बिटांची, एक भक्कम 128 बिटांची. इकडचं टोक नव्या फाइलवर तेवढ्याच आकाराची खिडकी एकेक बाइट सरकवत जातं आणि खुणा जुळतात का पाहतं. हलकी खूण अशी रचलेली आहे, की खिडकी एक बाइट पुढे गेली तर मागचा बाइट वजा आणि पुढचा जमा करून नवी खूण मिळते; सगळी बेरीज पुन्हा मांडावी लागत नाही. जुळलेले तुकडे पाठवायचेच नाहीत, न जुळलेलेच पाठवायचे. दोन्ही फायली एका ठिकाणी न आणता त्यांतला फरक काढणारी ही पद्धत संगणकशास्त्रातल्या देखण्या कल्पनांपैकी एक आहे.

गंमत म्हणजे आपल्या कामात तिचा उपयोग शून्य. पानं पलीकडे नाहीतच, तर फरक कशाशी काढणार? आरसिंक आपल्याला उपयोगी पडतं ते त्याच्या दोन कमी गाजलेल्या गुणांमुळे. एक, ते फाइलगणिक उत्तराची वाट पाहत थांबत नाही. यादी करणारा, पाठवणारा आणि घेणारा असे भाग एकाच वेळी आपापलं काम करत राहतात. दोन, जोडणी तुटली तर पुन्हा तोच हुकूम द्यायचा. ज्या फायलींचा आकार आणि बदलाची वेळ जुळते त्यांना ते हातही लावत नाही. 2008 च्या 3.0 आवृत्तीपासून सगळी यादी आधी पूर्ण करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. दाबून पाठवण्याचा पर्याय मात्र जेपेग आणि एमपी4 साठी बंदच ठेवावा. त्या फायली आधीच दाबलेल्या असतात, प्रोसेसर फुकट शिणतो. 2020 पासून आरसिंकला झेडस्टॅन्डर्ड पद्धतही येते, ती मजकुराच्या फायलींना चांगली.

पण आरसिंक नावाला भलतंच जागतं, आणि इथे मोठे अपघात होतात. त्याच्या लेखी फाइलची ओळख म्हणजे तिचं नाव आणि मार्ग. दहा हजार पानं एकदा सर्व्हरवर पोचवली, मग कुणीतरी इकडच्या डिस्कवर सगळ्यांची नावं ‘नीट’ केली आणि आरसिंक पुन्हा चालवलं, तर त्याच्या दृष्टीने जुन्या दहा हजार फायली गेल्या आणि अगदी नव्या दहा हजार आल्या. सगळा ऐवज पुन्हा तारेवर चढतो. ‘डिलीट’ पर्याय चालू असेल तर पलीकडच्या जुन्या नावांच्या फायली पुसल्या जातात. तो बंद असेल तर सर्व्हरवर प्रत्येक पान दोन-दोनदा साठतं. ‘फझी’ नावाचा एक पर्याय थोडी मदत करतो: नवी फाइल सापडली नाही तर त्याच निर्देशिकेत तोच आकार आणि तीच वेळ असलेली, किंवा मिळत्याजुळत्या नावाची फाइल शोधून ते तिच्यावरून काम भागवतं. पण ‘डिलीट’ने ती आधीच पुसली तर शोधणार काय? म्हणून त्याच्यासोबत पुसणं शेवटी करण्याचा पर्याय द्यावाच लागतो.

शहाणपणाचा मार्ग सरळ आहे. नावं दोन्ही टोकांवर एकाच यादीने बदलायची. जुनं नाव, नवं नाव अशा जोड्यांमधून दहा हजार ‘एमव्ही’ हुकूम तयार करायचे, ते इकडे चालवायचे, आणि तीच यादी एका एसएसएच जोडणीतून पलीकडच्या शेलला पाजायची. एकाच फाइल-पद्धतीच्या आत नाव बदलणं म्हणजे निर्देशिकेतली नोंद बदलणं. मजकूर जागचा हलत नाही. दहा हजार नोंदी काही क्षणांत बदलतात. त्यानंतर आरसिंक चालवलं, तर आकार आणि वेळ जुळल्यामुळे ते एकही फाइल पाठवत नाही.

या यादीत दोन खड्डे असतात. पहिला क्रमाचा. एखादं राहिलेलं पान मध्ये घुसवायचं म्हणून 17 चं 18, 18 चं 19 असं पुढे सरकवायला घेतलं आणि सुरुवात 17 पासून केली, तर पहिल्याच हुकुमात मूळ 18 वं पान गाडलं जातं. एमव्ही विचारत नाही. शेवटाकडून सुरुवात करायची, किंवा सगळ्यांना आधी तात्पुरती नावं द्यायची. ‘असेल तर झाकू नकोस’ हा पर्याय प्रत्येक हुकुमाला लावला, तर निदान पान मरत नाही. दुसरा खड्डा लिनक्सवरच्या ‘रिनेम’ या हुकुमाचा. या नावाची दोन वेगळी साधनं आहेत. डेबियन-उबंटूवर बहुधा पर्लवालं मिळतं, ते पूर्ण नियम घेतं. रेड हॅटच्या घराण्यात युटिल-लिनक्सवालं, ते साधा मजकूर बदलतं. एका ठिकाणची ओळ दुसरीकडे चालवली तर नशीब चांगलं असल्यास काहीच होत नाही. दोन्हींत कोरडी तालीम करण्याची सोय आहे. ती न करता दहा हजार फायलींवर रिनेम सोडणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

नाव बदलण्याचा एक उपयोग तर पाठवण्याच्या कौशल्यातच मोडतो. पॉझिक्स या युनिक्स-मानकाच्या नियमाप्रमाणे एका फाइल-पद्धतीतलं नामांतर अखंड असतं. पाहणाऱ्याला एकतर जुनी स्थिती दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. म्हणून सर्व्हरवर एखादा प्रोग्राम नव्या पानांची वाट पाहत बसला असेल, तर फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं. आरसिंक मुळातच असं करतं. साधा एससीपी करत नाही, आणि मग अर्ध्या पोचलेल्या पानाचा अर्धा करडा थंबनेल वेबसाइटवर झळकतो.

आता नावांकडेच वळू. कारण मराठीत नावं ठेवणाऱ्यांच्या वाट्याला काही खास कटकटी येतात आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांचा पत्ता नसतो.

लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-पद्धतींत नावाची मर्यादा 255 बाइट आहे. अक्षरं नव्हे, बाइट. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणजे मर्यादा 85 चिन्हांची. ‘मुख्यमंत्र्यांच्या’ या एका शब्दात अशी 18 चिन्हं आहेत, 54 बाइट. असे चार शब्द झाले की पाचव्याला जागा नाही. विंडोजवर मात्र मर्यादा 255 अशा चिन्हांचीच असल्याने तिथे ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ग्रंथालयाच्या नूतन इमारतीचे उद्घाटन आणि वाचक मेळाव्याचा वृत्तान्त’ हे नाव ‘.jpg’ या शेपटीसकट सुखाने नांदतं, आणि नकल करताना लिनक्सचा सर्व्हर नाव फार लांब असल्याचं सांगून ती फाइल नाकारतो. दहा हजारांतल्या अशा पन्नास-साठ राहून जातात आणि नोंदींच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही. वेब-पत्त्यात तर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ.

दुसरी कटकट ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ यांतला तो र युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिला जाऊ शकतो: ‘ऱ’ या एकाच चिन्हाने, ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्सला अक्षरांशी देणंघेणं नाही, त्याच्यासाठी नाव म्हणजे बाइटांची रांग. तेव्हा एकाच निर्देशिकेत ‘कऱ्हाड’ नावाच्या तीन फायली गुण्यागोविंदाने राहू शकतात. हे केवळ पुस्तकी नाही. मॅकची जुनी एचएफएस-प्लस पद्धत नावं साठवताना ती फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारात साठवत असे. अशा मॅकवरून गेलेलं ‘कऱ्हाड’ आणि विंडोजवरून गेलेलं ‘कऱ्हाड’ सर्व्हरवर दोन वेगळी नावं होतात, आणि आरसिंक इमानदारीने दोन्ही जपतं. आरसिंकमध्ये 3.0 पासून नावांची लिपि-रूपं बदलून घेण्याचा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय आहे. पण मॅकवर वर्षानुवर्षं 2.6.9 हीच जुनी आवृत्ती यायची, जिच्यात तो नव्हता. 2017 पासूनच्या एपीएफएसने नाव जसं लिहिलं तसं ठेवायला सुरुवात केली, जुन्या डिस्का मात्र जुन्याच राहिल्या. आणि तिसऱ्या, अदृश्य जोडचिन्हाच्या प्रकाराला समतुल्य रूपं एकसारखी करणारं कुठलंही सामान्यीकरण हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते रूप पहिल्या दोघांशी समतुल्यच नाही. ते स्वतःच्या स्क्रिप्टने शोधून बदलावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सर्व्हरवरचं फाइलचं नाव रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच असावं. भाषाभिमानाचा प्रश्न इथे आणू नये. मराठी शीर्षक, लेखकाचं नाव, अंकाचा विशेष, हे सगळं सूचीत आणि डेटाबेसमध्ये शुद्ध देवनागरीत असावं, वाचक शोधणार तिथेच. आकडे शून्य लावून सारख्या लांबीचे करावेत, नाहीतर 1 नंतर 10 येतो आणि 2 ची पाळी 19 नंतर. मोठी-छोटी अक्षरं मिसळू नयेत. विंडोज आणि मॅक त्यांत भेद करत नाहीत, लिनक्स करतं. डिजिटल कॅमेऱ्यांचे क्रमांक 0001 ते 9999 एवढेच चालतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे एखाद्या संमेलनाचे फोटो दोन छायाचित्रकारांकडून आले तर सारख्या नावांची टक्कर ठरलेलीच. तिथे नाव बदलण्याचं काम पाठवण्याआधीच व्हायला हवं. एक्झिफटूलसारखं साधन फोटोच्या पोटातली तारीख-वेळ वाचून नाव देतं, ते या कामाला उत्तम.

फार मोठ्या ऐवजाची गोष्ट वेगळी. जिथे फायली थोड्या पण अजस्र, तिथे संख्येऐवजी टीसीपीची खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा मजकूर, आड येते: 64 किलोबाइटची खिडकी आणि 200 मिलिसेकंदांची फेरी असेल, तर कितीही जाड तार घ्या, वेग सेकंदाला 320 किलोबाइटवर अडकतो. ओपनएसएसएचने 2007 मध्ये आपली खिडकी 2 मेगाबाइटपर्यंत वाढवली, ती आपल्या कामाला पुरते. त्याही पलीकडे तारच सोडून द्यावी लागते. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र ज्यातून घडलं, त्या 2017 च्या निरीक्षणांचा ऐवज पेटाबाइटांत होता. तो डिस्कांत भरून विमानाने अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतल्या बॉनला नेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कांना तिथला हिवाळा सरेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, थांबावं लागलं.

पडताळणीबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे, पण ते टाळता येत नाही. एसएसएच वाटेतली मोडतोड पकडतं. डिस्कवर लिहिताना झालेली मोडतोड किंवा गळून गेलेली फाइल ते पकडत नाही. म्हणून जुनं नाव, नवं नाव आणि मजकुराचा शा-256 अंक असा तीन रकान्यांचा तक्ता पाठवण्याआधीच करावा. हाच तक्ता एसएफटीपीची यादी बनतो, हाच एमव्हीची, हाच पलीकडे अंक पुन्हा काढून ताडून पाहण्याची. तो सर्व्हरवर पानांच्या शेजारीच ठेवावा.

आता अनेक संस्था सर्व्हर भाड्याने घेण्याऐवजी ॲमेझॉनच्या एस3सारखी वस्तू-साठवण घेतात. 2006 साली सुरू झालेल्या या पद्धतीत निर्देशिका नाहीत. नावातल्या तिरप्या रेघा म्हणजे केवळ अक्षरं. आणि नेहमीच्या बकेटमध्ये नाव बदलणं ही क्रियाच नाही. नव्या नावाने नकल करा, जुनं पुसा. फोल्डरचं नाव बदलायचं तर आतल्या प्रत्येक वस्तूचं असंच. आरक्लोनसारखं साधन ही नकल तिकडच्या तिकडे करतं, आणि त्याचा नामांतरं ओळखण्याचा पर्याय आरसिंकला जे जमत नाही ते मजकुराच्या खुणेवरून जमवतो. उलट टोक गूगल ड्राइव्हचं: तिथे फाइलची ओळख म्हणजे एक क्रमांक, नाव नुसती चिठ्ठी, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली बिनदिक्कत राहतात. 2025 मध्ये ॲमेझॉनने एस3च्या ‘एक्सप्रेस वन झोन’ या वेगवान वर्गापुरतं खरंखुरं नामांतर आणलं. पण जुनी मासिकं कुणी त्या महागड्या वर्गात ठेवत नाही. ती जातात सर्वांत स्वस्त ‘डीप आर्काइव्ह’मध्ये. तिथे नाव बदलायचं तर आधी वस्तू बाहेर काढण्याची विनंती करायची, नेहमीच्या दराने ती यायला बारा तासांपर्यंत थांबायचं, मग नकल, मग जुनीला मूठमाती. आणि त्या वर्गात वस्तू किमान 180 दिवस ठेवायची अट असल्यामुळे, लवकर पुसलेल्या जुन्या नावाचं उरलेल्या दिवसांचं भाडंही बिलात येतं.